लॉटरी लागली, आता घर टिकेल ना?

घरात अचानक मोठी रक्कम आली की लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात ते भीती घेऊनच. कुणाची जमीन विकली जाते, कुणाला सासऱ्यांच्या पश्चात एफडीच्या पावत्या सापडतात, क्वचित कुणाला लॉटरी लागते. प्रश्न ठरलेला: हा पैसा आम्हाला लाभेल ना?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा पीथमपूरला कारखान्यात सुपरवायझर, बायको घरीच शिकवण्या घेते. ओणमच्या सुमारास केरळला सहलीला गेले आणि गंमत म्हणून केरळ सरकारच्या तिरुओणम बंपर लॉटरीचं 500 रुपयांचं तिकीट घेतलं. पहिलं बक्षीस 25 कोटींचं. ते नाही, पण 1 कोटीचं दुसरं बक्षीस लागलं.

पहिल्यांदा बाई एकट्याच आल्या. "तीस दिवसांत तिकीट जमा करायचं असतं. नाहीच केलं तर?" मोबाईल पुढे केला. लॉटरी लागलेले सत्तर टक्के लोक काही वर्षांत कंगाल होतात, असा एक फॉरवर्ड. खाली केरळातल्या रिक्षाचालकाची बातमी. 2022 साली त्याला 25 कोटी लागले आणि थोड्याच दिवसांत मदत मागणाऱ्यांच्या गर्दीने त्याला स्वतःच्या घरात राहणं अशक्य झालं. बक्षीस लागलं नसतं तर बरं, असं तो उघड बोलून गेला.

रिक्षाचालकाची बातमी खरी आहे. सत्तर टक्क्यांचं मात्र काही खरं नाही. अमेरिकेतल्या ज्या संस्थेच्या नावावर हा आकडा फिरतो, त्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर फायनान्शियल एज्युकेशनने 2018 मध्ये स्वतःच सांगितलं की असं संशोधन आम्ही केलेलं नाही. 1978 चा एक अमेरिकी अभ्यासही लोक नेहमी पुढे करतात, जिंकलेले इतरांहून विशेष सुखी नव्हते म्हणून. त्यात जिंकलेले लोक होते फक्त 22. स्वीडनमधल्या संशोधकांनी तीन हजारांहून जास्त लोकांना विचारून 2020 मध्ये जे छापलं, ते मला जास्त भरवशाचं वाटतं. मोठं बक्षीस मिळालेले लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, आणि दहा वर्षं उलटली तरी ते समाधान ओसरलं नव्हतं. रोजच्या आनंदात आणि मनःस्वास्थ्यात फरक थोडाच होता, पण वाईट काही दिसलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, स्वीडनमध्ये जाऊबाई नसतात."

मला हसू आलं, पण मुद्दा तिथेच होता. कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की बक्षीस जितकं मोठं, तितकं विजेत्याच्या जवळच्या शेजाऱ्यांचं दिवाळं निघण्याचं प्रमाण जास्त. बरोबरी करायला ते गाडीसारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च करत होते. मी हे सांगितल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या जाऊबाईंनी परवाच गाडी बुक केली. हप्त्यावर."

मग घरची सगळी गोष्ट निघाली. सासरे इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये. 1991 साली मिल बंद पडली. मोठ्या दिरांनी कॉलेज सोडून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी धरली आणि धाकट्याला डिप्लोमा करवला. मिलच्या कामगारांची अडकलेली देणी 2023 च्या अखेरीस मिळायला लागली, तेव्हा सासऱ्यांच्या वाट्याचे पैसे दोघा भावांनी निम्मे-निम्मे केले. त्यामुळे वरून आलेला पैसा निम्मा वाटायचा, हे भाऊजींच्या मनात पक्कं होतं. नवऱ्याच्याही होतं, फक्त तो बायकोला बोलला नव्हता.

पुढच्या वेळी दोघं आले. मी आधी हिशेब मांडायला लावला, कारण निम्मे म्हणजे पन्नास लाख असं त्याने धरलं होतं. 1 कोटीतून दहा टक्के एजंटचं कमिशन जातं. उरलेल्या 90 लाखांवर तीस टक्के कर कापून 63 लाख खात्यात येतात. मात्र त्यावरचा अधिभार आणि उपकर कापलेला नसतो, तो नंतर आपणच भरायचा, जवळजवळ चार लाख. म्हणजे खरे आपले 59. भावाला पन्नास दिले की उरले नऊ. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

भाऊ-भाऊ बाहेरच्या खोलीत ठरवतात आणि बायकांना निकाल कळतो, ही आपल्याकडची रीत मला मुळीच पसंत नाही. पुढची वीस वर्षं धुमसणारी भांडणं तिथूनच निघतात. म्हणून मी चौघांना बोलावलं. भाऊजी सरळ म्हणाले, "मला निम्मे हवेत. का नकोत?" मला ते आवडलं. आडपडदा नव्हता. जाऊबाईंनी डिप्लोम्याच्या तीन वर्षांची आणि सासूबाईंच्या ऑपरेशनची आठवण करून दिली. आमच्या बाईंनी विचारलं, मग आठ वर्षं सासूबाई कुणाकडे होत्या? आवाज चढले. दोन बैठकींनंतर भाऊजींचं उरलेलं गृहकर्ज, 14 लाखांचं, फेडून टाकायचं ठरलं. भाऊजी खूश नव्हते. जाऊबाई अजून तुटक बोलतात. पण आकडा चौघांसमोर ठरला.

बाकी पैसे सहा महिने एफडीत ठेवा, तोवर काही विकत घेऊ नका, आणि कुणीही काही मागितलं तर 'सीए सांगतील तसं' एवढंच म्हणा, असं मी सांगितलं. हे वाक्य फार कामाला आलं. नातेवाइकांच्या आधी बँकेतला माणूस विम्याची योजना घेऊन पोहोचला होता. गणपती मंडळाचं पावतीपुस्तक आलं. एक ओळखीचे भैया सुपर कॉरिडॉरकडचा प्लॉट 'डायरी'वर द्यायला तयार होते, म्हणजे रजिस्ट्री नाही, नुसती कच्ची नोंद. इंदूरमध्ये अशा डायऱ्यांत किती जणांची पुंजी अडकली, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नोकरी सोडायचं खूळही मध्येच आलं. सकाळी दहा वाजता काय करणार, एवढंच मी विचारलं. तो अजून पीथमपूरला जातो.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या भेटीत बाई म्हणाल्या, नवरा आता मोबाईलवर केरळची तिकिटं शोधत बसतो. केरळ सरकार लॉटरी ऑनलाइन विकत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर तिकीट देणारा प्रत्येक जण फसवाच समजायचा. हे त्याला पटलं. एकदा लागलं म्हणजे आपल्या हातालाच यश आहे, हे मात्र डोक्यातून जात नाही. त्यामुळे पुढच्या भेटीला तो एकटा येणार आहे.