माझ्याच जागेत कोल्ह्या-मुंगसांसाठी फासकी लावली तर चालेल का? केसांना, कातड्याला गिऱ्हाईक मिळतं का?

नाही चालत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, सापळा मांडणं, आमिष टाकणं, सगळं त्यातच धरलंय. जागा कुणाची, हा प्रश्नच येत नाही. मुंगसाचे केस ब्रशवाले चोरून घेतात आणि धाड पडली की आत जातात. तो नाद सोडा.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुमचं ते 'माझ्याच जागेत' वाचलं आणि आमचे काका डोळ्यांसमोर आले.

राजापूरकडे आमची काजूची बाग आहे. सातबारा सामाईक, पहिलं नाव बाबांचं, राखण काकांची. एका मे महिन्यात आठवड्याभरात ७ कोंबड्या गेल्या. काकांनी गॅरेजमधून स्कूटरची जुनी क्लच वायर आणली आणि गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, खिंडार पडलं होतं तिथे फासकी लावली. मी म्हटलं, "काका, तिथून कोल्हाच येईल कशावरून?" तर म्हणाले, "जागा माझी, कोंबड्या माझ्या. तू मुंबईत जाऊन शिकव."

तिसऱ्या दिवशी पहाटे कुत्रा पडवीतल्या बाकाखाली शिरला, काही केल्या बाहेर येईना. खाली बागेत जाऊन बघतो तर खिंडारात बिबट्या. वायर कमरेत, मागच्या पायांच्या जरा पुढे. जिथवर पंजे पोचत होते तिथवरची तांबडी माती उकरून निघाली होती, गडग्याचे चार-पाच चिरे खाली आले होते आणि ज्या ऐनाच्या झाडाला वायर बांधली होती त्याची साल दातांनी सोललेली. डरकाळी वगैरे काही नाही. नुसती कूस भात्यासारखी वरखाली होत होती.

वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन मी केला. वनखात्याची माणसं आली, बेशुद्ध केलं, वायर कापली. ती बोटभर आत रुतली होती. पिंजऱ्यात घातला तेव्हा श्वास चालू होता, संध्याकाळपर्यंत गेला. ओढून ओढून आतून सगळं फाटलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. फासकीतलं जनावर सोडवलं की वाचतं असं वाटतं, पण कमरेत बसलेली असेल तर बहुतेक वेळा नाही वाचत.

मग पंचनामा. काका खळ्यात बसून एकच धोशा लावून, "माझा बेत कोल्ह्याचा होता." वनपाल कागदावरून मान वर न करता म्हणाले, "फासकीला सांगून ठेवलं होतंत का?"

गुन्हा काकांवर लागला, पण जबाबाला आधी बाबा, कारण सातबाऱ्यावर पहिलं नाव त्यांचं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला. दोषी ठरलं तर आजच्या कायद्याने कमीत कमी ३ वर्षं, ७ पर्यंतही जाते, वर २५ हजारांच्या खाली नाही असा दंड. जामीन झाला, तारखा चालू आहेत. आणि घरात आजही बोलणी मीच खातो. का, तर फोन केला म्हणून. "पुरून टाकला असता, कुणाला कळलं असतं?" हे काकांचं पालुपद. काकी गणपतीत माझ्याशी बोलली नाही. मी आजही तोच फोन करेन.

तुमच्या कोंबड्यांचं म्हणाल तर खुराडं नीट बांधा, दुसरा उपाय नाही. कोल्हा उकरतो, मुंगूस फटीतून येतं, उदमांजर वरून उतरतं. बारीक तारेची कोंबडीजाळी फाटते, वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी, घ्या आणि पायथ्याला हातभर खाली पुरा. मुंगूस आसपास असलं तर उंदीरही कमी होतात, पण ते कोंबडी गेलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही.

हां, जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर गोष्ट वेगळी, कायदा तेवढी सूट देतो. डुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागता येते. उंदरांचा पिंजरा खुशाल लावा.

आमच्या खुराड्याचं राहिलंच. पावसाआधी मी छप्पर शाकारायला घेतलं तेव्हा मागच्या बाजूची दोन कौलं सरकलेली निघाली, वाशाला पिसं चिकटलेली. उदमांजर माडावरून थेट छपरावर उतरत होतं, खिंडाराकडे ते कधी फिरकलंही नसेल. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, तंबाखू मळली आणि "वारा झाला असेल" म्हणून निघून गेले.