कॉन्ट्रॅक्टरची माणसं मोजायची की नाही?

प्रश्न : नमस्कार ताई, मी एका फॅक्टरीत एचआरला आहे, आधी टाइम ऑफिसला होतो, मागच्या वर्षी कम्प्लायन्सची, म्हणजे कायदे पाळले जातात का ते बघायची, फाइल माझ्या गळ्यात पडली. आमच्याकडे ७२ जण परमनंट आणि ४५ जण लेबर कॉन्ट्रॅक्टरचे. सल्लागार म्हणतात कँटीन सक्तीचं व्हायला २५० माणसं लागतात, कॉन्ट्रॅक्टरची आपल्यात धरायचीच नाहीत, म्हणजे आपल्याला काही लागू नाही. सेफ्टी शूजचे पैसे पण पगारातून कापतात. मला पटत नाही पण साहेबांना काय सांगू?

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. २५० चा आकडा १९४८ च्या कारखाने कायद्यातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नवे लेबर कोड (कामगार संहिता) लागू झालेत, आणि त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडमध्ये कँटीनचा आकडा १०० आहे, तोही कंत्राटी कामगार धरून, असं कलमातच लिहिलंय. तुमचे ७२ आणि ४५ मिळून ११७ होतात. जेवायच्या खोलीसाठी तर ५० च्या वर माणसं असली की पुरे, आणि पाळणाघराचंही तसंच, ६ वर्षांखालच्या मुलांसाठी. पाळणाघर मात्र शेजारच्या दोन-तीन फॅक्टऱ्यांनी मिळून चालवलं तरी चालतं, साहेब खर्चाचं म्हणाले तर हे आधी सांगा. नियमांचा बारीक तपशील राज्यागणिक बदलतो, तो आपल्या राज्याच्या राजपत्रात बघून घ्या.

कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांना पाणी, संडास, कँटीन, फर्स्ट एड या सोयी देणं आता मूळ मालकाचं, म्हणजे फॅक्टरीचंच काम आहे, कॉन्ट्रॅक्टरकडे बोट दाखवून सुटका नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण इतकी वर्षं त्याच मशीनवर, त्याच धुरात उभा राहणारा माणूस दुपारी डबा घेऊन गेटबाहेर बसायचा आणि कागदावर मात्र सगळं ओके असायचं.

आता फाइल बाजूला ठेवा आणि शिफ्ट चालू असताना एकदा शॉपफ्लोअरवर फिरून या. मी एका ठिकाणी गेले होते, भिंतीवर फर्स्ट एड बॉक्स छान लावलेला, लाल प्लसचं चिन्ह, तपासणीच्या सह्या अगदी तारखेनिशी, पण बॉक्सला कुलूप आणि किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, आणि सुपरवायझर रजेवर! तिथल्या एका बाईंनी बोट कापलं तेव्हा ओढणी गुंडाळली होती, रक्त वाळून ती कडक झालेली मी बघितली. त्या सह्यांचा त्यांना काय उपयोग झाला? म्हणून बॉक्स उघडून बघा, इमर्जन्सी दरवाजा स्वतः ढकलून बघा, पाण्याची टाकी संडासाला लागून नाही ना ते बघा (जुन्या कायद्यात ६ मीटर अंतर सांगितलेलं आणि ते शहाणपणाचंच होतं), दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना मधे टेकायला स्टूल आहे का विचारा. बायकांच्या संडासाला आतून कडी लागते का हे बायकांनाच विचारा, पुरुष सुपरवायझरला नको.

ओव्हरटाइम दुप्पट दराने, नेमणूकपत्र प्रत्येकाला, आणि पगारी रजेसाठी आता २४० नाही तर १८० दिवस काम पुरतं, हे पण मस्टर काढून तपासून घ्या.

शूजचं म्हणाल तर सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. हातमोजे, गॉगल, कानातले प्लग, मेडिकल तपासणी, सगळं मालकाच्या खर्चाने. साहेबांशी बोलताना मी तरी इथूनच सुरुवात करीन, कारण यात वादाला जागाच नाही आणि हे याच महिन्यात करता येतं. कपात बंद करायला सांगा, आजवर कोणाचे किती कापले त्याची यादी काढा, कॉन्ट्रॅक्टरच्या ४५ जणांसकट, आणि ते पैसे पुढच्या पगारात परत टाका, पगारपत्रकावर वेगळी ओळ दाखवून.