ॲनिमेतल्या प्रेमकथांत तिसरं माणूस लागतंच का, आणि निकाल लागायला इतका उशीर का?

तुमच्या दोन तक्रारी आहेत: प्रत्येक रोमँटिक ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटात नाहीतर मालिकेत, त्रिकोण असतो, आणि शंभर भाग झाले तरी हिरो कुणा एकीचं नाव घेत नाही. पहिलीचं मला फारसं काही वाटत नाही. त्रिकोण आपल्या नाटक-सिनेमांतही पोत्याने सापडतील. अगदी डोरेमॉन घ्या. शिझुकाचं लग्न नोबिताशी होणार हे पोरांना ठाऊक असतं, तरी तो सर्वगुणसंपन्न देकिसुगी दिसला की नोबिताचा जळफळाट सुरू!

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी आधी मांगा (जपानी चित्रकथा) म्हणून नियतकालिकांत क्रमशः येतात, आणि वाचक धरून आहे तोवर चालतात. जोडी जमली की ओढ संपली, म्हणून जमू द्यायची नाही. त्यात जपानी रीत लेखकाच्या पथ्यावर पडते. "तू मला आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का?" असं तोंडाने विचारायचं, होकार आला की मग ते जोडपं. याला कोकुहाकु म्हणतात. तोवर एका छत्रीतून घरी गेलात तरी ठरलेलं काहीच नसतं. मग ते एक वाक्य लांबवायचं. कुणीतरी दार उघडतं, नाहीतर नेमकं त्याच क्षणी आकाशात फटाके फुटतात. हे पाचव्यांदा झालं की मीही वैतागतो.

पण उशीर म्हणजे नुसतं पाणी घालणं नव्हे. रुमिको ताकाहाशी यांनी 1980 ते 1987 या काळात दोन मांगा शेजारी शेजारी चालवल्या. 'उरुसेई यात्सुरा' ही परग्रहावरच्या लुमची आणि लंपट आतारूची धमाल. ती 1987 मध्ये संपली तरी आतारू "प्रेम आहे" असं काही म्हणत नाही, आणि तेच त्या गोष्टीला शोभतं. त्याच वर्षी संपलेली दुसरी, 'मेझॉन इक्कोकु', सगळे हिशेब चुकते करते. माझ्या मते प्रेमत्रिकोण कसा लिहावा हे शिकायचं तर हीच बघावी. (इथून पुढे शेवट फुटणार आहे.)

तोक्योतली एक जुनाट लाकडी इमारत, भाड्याच्या खोल्या. गोदाई प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा अभ्यासाला बसलेला. नवी व्यवस्थापिका क्योको त्याच्याहून दोनेक वर्षांनी मोठी, आणि विधवा. प्रतिस्पर्धी मिताका: टेनिस शिकवणारा, देखणा, पैसेवाला. वरवर पाहता त्रिकोण या तिघांचा. पण मिताका हा खरा अडसर नाहीच. खरा तिसरा कोन म्हणजे क्योकोचा नवरा, सोइचिरो. तो शाळेत तिचा शिक्षक होता, आणि लग्नानंतर काही महिन्यांतच गेला. त्याचा चेहरा आपल्याला कधीही दाखवला जात नाही. कुत्र्याचं नाव मात्र सोइचिरो आहे, आणि ती दिवसभर त्या नावाने हाका मारत असते! जिवंत माणसाशी स्पर्धा करता येते, त्याच्या चुका दाखवता येतात. मेलेल्याच्या कोणत्या चुका दाखवणार?

म्हणून इथला उशीर पटतो. मांगातला काळ वाचकांच्या काळाबरोबरच सरकतो. गोदाई कसाबसा पदवीधर होतो, नोकरीसाठी वणवण करतो, कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळतो आणि त्यातून बालवाडीच्या शिक्षकीकडे वळतो. क्योको दुःखातून बाहेर यायला आणि तो संसार पेलण्याइतका मोठा व्हायला लागतील तितकीच वर्षं गोष्ट घेते. शेवटी लग्नाआधी तो सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो. तू तिच्या मनात असतानाच मी तिच्या प्रेमात पडलो, म्हणून तुझ्यासकट तिला स्वीकारतो, असं त्याला सांगतो. प्रतिस्पर्ध्याला हरवून नव्हे, घरात घेऊन सुटलेला दुसरा त्रिकोण मला आठवत नाही. क्योकोची अट एकच: माझ्यापेक्षा एक दिवस तरी जास्त जग.

मिताकाचा निकाल मात्र निव्वळ विनोदी आहे. कुत्र्यांची भीती घालवायला त्याने कुत्रा पाळलेला, त्या कुत्र्याच्या प्रतापामुळे गैरसमज होतो आणि साहेब भलत्याच मुलीशी लग्न करून बसतात. लेखिकेने इथे सोपी वाट पकडली असं मला वाटतं. हरणाऱ्याला अशी सोय लावून दिली की आपल्याला त्याचं वाईट वाटायचं कारण उरत नाही.

तसं वाईट वाटून घ्यायचं असेल तर 'किमागुरे ऑरेंज रोड'. क्योसुके, मादोका आणि हिकारू यांची 1987-88 ची 48 भागांची मालिका तशी हलकीफुलकी आहे. क्योसुकेकडे अतींद्रिय शक्ती असतात आणि दोघींना झुलवत ठेवणं गंमत म्हणून खपतं. 1988 च्या चित्रपटात ती गंमत बंद होते. त्याला हिकारूला सरळ 'नाही' सांगावं लागतं, तिच्यापासून लांब राहावं लागतं, आणि ती सोडायला तयार नसते. मालिकेतल्या लाडक्या मुलीला इतकं रडताना बघून तेव्हाचे अनेक चाहते चिडले. मला मात्र तोच या कथेचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण "कुणा एकीचं नाव घे" असं आपण म्हणतो तेव्हा दुसरीच्या वाट्याला हेच येणार असतं.

वेळ कमी असेल तर 'मेझॉन इक्कोकु'च्या 96 भागांच्या ॲनिमेऐवजी मांगाचे 15 खंड वाचा, लवकर उरकतात. ऑरेंज रोडचा चित्रपट आधी बघू नका. मालिकेतले निदान पंधरा-वीस भाग झाल्याशिवाय हिकारू काय गमावते ते कळत नाही.