पायात चाळ बांधण्याआधी कागद

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री परत परत ऐकला. "आक्का, आपल्यासारखीला कायदा लागू होतो का गं?" हे तू ज्या आवाजात विचारलंस, तो काही डोक्यातून जाईना. नाचणं चांगलं की वाईट, गल्लीत कोण काय बोलतं, यावर मी एक ओळ लिहिणार नाही. ते तू केव्हाच ठरवून मोकळी झालीयस आणि बरोबर ठरवलंयस. तुझा घोळ वेगळा आहे. जोतिबाची यात्रा झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्या गावात कार्यक्रम झाला. कमिटीतल्या एकानं स्टेजवर चढून तुझा हात धरला. तुमच्या नाचगाण्याच्या पार्टीच्या मालकानं तुलाच गप्प बसवलं आणि दहाला साउंड बंद झाला म्हणून बिदागी निम्मी केली. आणि आता मुंबईच्या बारचं बोलावणं आलंय. जाऊ की राहू, तक्रार करू की सोडून देऊ.

कायदा लागू होतो. तुलाही होतो. पण तुझं काय ठरलं होतं, हे दाखवायला तुझ्याकडे काय आहे? काही नाही. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, मालकानं घेतली, तुझं त्याच्याशी तोंडी ठरलं, गाडीत बसलीस आणि गेलीस. म्हणून सांगते, कागद कर. आधी कागद, मग चाळ.

कागद म्हटलं की तुम्हा पोरींना स्टॅम्पपेपर आणि वकील दिसतो. तसलं काही लागत नाही. निघायच्या आधी मालकाला मोबाईलवर लिहून पाठव: "काका, उद्या अमुक गाव, आठ ते दहा, माझी सात गाणी, बिदागी पाच हजार, त्यातले दोन मिळाले. पोलिसांनी साउंड बंद केला तरी पूर्ण पैसे. कपडे बदलायला कडीची खोली. स्टेजवर कोण चढलं तर गाणं थांबवणार. बरोबर ना?" त्यानं "हो" म्हणून टाकलं की झाला कागद. तो मेसेज पुसायचा नाही. फोटो काढून बहिणीच्या मोबाईलवर पाठवायचा. "हो" येत नसेल तर गाडीत बसायचं नाही. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. सुपारी घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मग दहाला बंद झालं म्हणून तुझ्या पोटाला चिमटा का?

मी एवढी कडक का झाले, ते तुला कुणीतरी सांगितलं असेल, माझ्याकडून ऐक. मी मुंबईकडच्या बारमध्ये नाचत होते. रोजचा हिशेब मालक एका वहीत लिहायचा आणि वही त्याच्याच गल्ल्यात राहायची. गावाला जाताना एकदम घ्यायचे, अशी रीत होती. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमं घालून सरकारनं डान्स बार बंद केले. तीन तारे आणि वरच्या हॉटेलांना मात्र नाच चालू ठेवायची मुभा! मालकानं शटर ओढलं, आमचे पैसे वहीतच राहिले. मागायला गेलो तर म्हणाला, दाखवा काय आहे ते. आमच्याकडे चिठ्ठीसुद्धा नव्हती. पुढं २००६ मध्ये हायकोर्टानं ती बंदी रद्द ठरवली आणि १६ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं: हा समानतेचा आणि आपला धंदा-व्यवसाय करण्याच्या हक्काचा भंग आहे म्हणून. न्याय मिळाला, पण मधे आठ वर्षं गेली. नाचणारीच्या उमेदीत आठ वर्षं म्हणजे काय, ते तू अजून विशीत आहेस म्हणून तुला कळायचं नाही. माझे गुडघे त्या निकालाला थांबले नाहीत.

आता त्या बोलावण्याचं. जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण परवाना कसला आहे ते आधी विचार, आणि त्याचा फोटो माग. ऑर्केस्ट्राचा परवाना असेल तर तिथं गाणं आहे, नाच नाही. कागदावर गायिका आणि रात्री नाचायला लावलं, की धाड पडल्यावर गाडीत तू बसशील, मालक वकिलाला फोन लावत उभा राहील. ऑर्केस्ट्रात चार बायका आणि चार पुरुषच, ही अट सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये उडवलीय. आठजणांत कितीही बायका चालतात. म्हणून "बायकांची जागा भरली, तू अशीच उभी राहा" असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

आणि डान्सचाच परवाना असेल तर डान्स बारसाठीचा २०१६ चा कायदा आहे आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा १७ जानेवारी २०१९ चा निकाल आहे. नाच संध्याकाळी ६ ते रात्री ११.३०. नोटा उधळायच्या नाहीत, टिप देता येते. आणि माझ्या कामाचं, तुझ्याही कामाचं: मालकानं लेखी करार करायचा आणि मोबदला तुझ्या बँक खात्यात भरायचा, हे कोर्टानं राखलंय. महिन्याच्या पगारावरच ठेवायची सक्ती तेवढी काढलीय. बघ, सुप्रीम कोर्टसुद्धा कागदच कर म्हणतंय. मी वेगळं काय सांगते?

करार म्हणून कोरा कागद पुढं केला तर सही करायची नाही. मूळ आधार कार्ड कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही, झेरॉक्स दे. आणि उचल घेऊ नकोस, गरज कितीही असू दे. घेतलीसच तर रकमेची पावती घे आणि फिटेल तशी नोंद ठेव. उचल फिटली नाही म्हणून बाईला डांबून नाचवणं ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ते सिद्ध करायला पुन्हा कागदच लागतो.

हात धरणाऱ्याचं तू सोडून द्यायला निघालीस, याचा मला राग आलाय, स्पष्ट लिहिते. "तिथं नाचत होतीस म्हटल्यावर" असं पोलीस म्हणतील ही तुझी भीती. म्हणू देत. भारतीय न्याय संहितेचं ७४ वं कलम बाईच्या अंगाला हात घालणाऱ्याला एक ते पाच वर्षं कैद सांगतं. ती बाई काय काम करते ते त्यात कुठंही लिहिलेलं नाही. तोकडे कपडे घालून नाचणं म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये सांगितलंय. गुन्हा त्या गावाच्या हद्दीत घडला तरी कोल्हापूरच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवून घ्यावा लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. जबाबाला म्हणून तुला ठाण्यावर बोलावता येत नाही, तो तुझ्या घरी येऊन घ्यायचा.

दुसरा अर्ज मालकाविरुद्ध. कामाच्या जागी होणाऱ्या छळाचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या, तोंडी ठरवून आणलेल्या बाईलाही धरतो, आणि मालकाच्या गाडीतला प्रवासही कामाचीच जागा मानतो. तुमच्या पार्टीत दहाच्या आत माणसं, म्हणून अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाईल. मुदत तीन महिन्यांची आहे, अजून हातात आहे, पण दिवस घालवू नकोस. वकिलाच्या पैशाचं बोलूच नकोस. बाईला कमाई न बघता मोफत वकील मिळतो, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० ला फोन लावला तरी चालतो. आमच्या वेळी हायकोर्ट म्हटलं की रात्रीची गाडी धरून मुंबई. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय.

मला भांडखोर म्हणतात, ते तुझ्या कानावर आलंच असेल. इथं परत आल्यावर मी ऑर्केस्ट्रात उभी राहिले, तेव्हा चिठ्ठी लिहून मिळाल्याशिवाय पायात चाळ बांधत नव्हते. गाव ताटकळायचं, मालक शिव्या द्यायचा, सोबतच्या पोरी "आक्का, जाऊ दे की" म्हणायच्या. माझ्या सुपाऱ्या गेल्या. काही पार्ट्यांनी माझं नावच काढून टाकलं. तरी मी योग्य तेच केलं. त्याच पोरी पुढं दारात यायच्या, "चिठ्ठीत काय लिहायचं" विचारायला. माझ्या आडमुठेपणानं चार जणींची बिदागी तरी पूर्ण मिळाली, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

शनिवारी सकाळी ये. मोबाईल चार्ज करून आण, त्या रात्रीचे मालकाचे फोन आणि मेसेज काही पुसू नकोस. सोबत ढोलकीवाल्या पोराला आण, त्यानं समोरून बघितलंय. वाटेत आधारच्या दोन झेरॉक्स काढ. अर्जाचा मजकूर मी लिहून ठेवते, सही तू वाचून मग कर.

तुझी,
आक्का