जागा बदलू नकोस

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. लेन्स घ्यावी की दुर्बीण, डिसेंबरात पक्षी बघणाऱ्या ग्रुपबरोबर राजस्थानात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जावं की नाही, रविवारची सफाई, कुत्र्यांना खायला घालणं, स्केचिंग यांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ग्रुपमधल्या बाकीच्यांची यादी तीनशे पक्ष्यांवर गेली आणि तुझी अजून चाळिशीतच अडलीय. हे सगळं वाचलं. पण मला खरं टोचलं ते मध्येच लिहिलेलं एक वाक्य. 'काकू, आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काही दिसतच नाही.' बाकीचा सगळा गोंधळ त्यातूनच आलाय, म्हणून त्यालाच उत्तर देते.

जागा बदलू नकोस.

गल्लीतून वाळूत उतरलीस की उजव्या हाताला खडकांपर्यंत जो तुकडा आहे, तेवढाच धर. वर्षभर तेवढाच. जुहू नको, अक्सा नको, भरतपूर तर नकोच. रोज जमलं तर रोज, नाही तर एक दिवसाआड, पण तिथेच. एक वही ठेव आणि तारीख, तिथी, पाणी कुठवर होतं, काय दिसलं, एवढं लिही. काही दिसलं नाही तर तसं लिही.

तू जातेस कधी, हे तुझ्या फोटोंवरून मला कळतं. साडेसात-आठला, कॉलेजच्या आधी, पाणी कुठेही असो. समुद्राला तुझं टाइमटेबल माहीत नाही. घरात भिंतीवर कालनिर्णय आहे ना? त्यात तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पहाटेची आणि संध्याकाळची वेळ साधारण तीच, थोडं इकडेतिकडे. कोळीवाड्यात कोणालाही विचार, ॲप न उघडता सांगतील. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फार काही उघडं पडत नाही. तू भांगाच्या दिवशी, भर भरतीला जाऊन उभी राहिलीस आणि म्हणतेस काही दिसत नाही!

आता काय दिसतं ते सांगते. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर साबुदाण्यासारख्या गोळ्या पसरलेल्या असतात. तू त्या तुडवत गेली आहेस, सगळेच जातात. पुढच्या वेळी त्यांच्याजवळ उकिडवी बस आणि हलू नकोस. दोन-तीन मिनिटांत एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येईल, रंग अगदी वाळूचा. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने वाळू तोंडाशी नेईल. वाळूच्या कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीकसारीक खाणं तेवढं तो गाळून घेतो. उरलेली वाळू तोंडापाशी साचून तिची गोळी होते, ती तो तोडून मागे टाकतो. भोकापासून सरळ रेषेत खात खात पुढे जातो, मागे वळतो, मग दुसरी रेष धरतो. म्हणून गोळ्यांच्या रांगा भोकाभोवती चहूकडे फाकलेल्या दिसतात. तुझी सावली पडली की एका क्षणात सगळे गडप. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्यापासून सुरू करतो.

याने तुझी पक्ष्यांची यादी एकानेही वाढणार नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरपासून तिथे चिखले नावाचे छोटे पक्षी यायला लागतात. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून आलेले, मूठभर जीव. चार पावलं धावतात, थांबतात, टोच मारतात. अशाच ओल्या वाळूतल्या बारीक जिवांवर ते जगतात. त्या वाळूत काय चाललंय हे माहीत असेल तर तो पक्षी तिथेच का थांबला, कोरड्या वाळूवर का नाही, हे तुला दिसायला लागेल. भरतपूरला तुला हे कोणी दाखवणार नाही. तिथला गाइड बोट दाखवील, तू फोटो काढशील, यादीत एक नाव वाढेल, संपलं.

म्हणून म्हणते, जागा बदलू नकोस. एकाच जागी गेल्याशिवाय बदल कळत नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, किनारा अरुंद आणि उतरता होतो, दिवाळीनंतर ती हळूहळू परत भरते. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. त्याच दिवसांत वाऱ्याबरोबर ब्लू बॉटल वाहून येतात, जेलीफिशसारख्या, निळ्या फुग्यांच्या, सुंदर दिसतात. त्यांना बोट लावायचं नाही, वाळूत पडून सुकलेल्या दिसल्या तरी दंश करतात. थंडीच्या तोंडावर कुरव, म्हणजे सीगल, येतात. बोंबील वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या बांबूंवर, चढले की कावळे आणि घारी तिकडे सरकतात. हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही, त्या तुकड्यावर पाय झिजवून कळलं.

लोक येतात ते तमाशाला. २०१६च्या जानेवारीत जुहूला मेलेला देवमासा वाहून आला तेव्हा अख्खी मुंबई लोटली होती, मोबाइल वर धरून. २०१३ला गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी, शेपटीला काटा असलेल्या त्या चपट्या माशांनी, कितीतरी जणांच्या पायाला काटे मारले, तेव्हाही आठवडाभर सगळ्यांना समुद्र आठवला. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट बसलेलं असतं, तिथे पाय उचलून टाकण्याऐवजी घासत घासत चालायचं. पाऊल जवळ येतंय हे त्याला कळतं आणि ते निघून जातं. एवढी साधी गोष्ट, पण रोज पाण्यात जाणाऱ्यालाच ती ठाऊक असते.

कासवाचं वाचून मात्र मला वाईट वाटलं आणि रागही आला. तुझ्यावर थोडा, त्या पोरांवर जास्त. जुलैत किनाऱ्यावर आलेलं कासव, पुढच्या पायाला जाळ्याचा तुकडा रुतलेला, आणि त्या पोरांनी ते उचलून पाण्यात सोडलं, टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ टाकला. पावसाळ्यात वाहून आलेलं मोठं कासव बहुतेकदा जखमी किंवा थकलेलं असतं. त्याला पोहवत नाही म्हणून तर ते किनाऱ्याला लागलेलं असतं. त्याला पाण्यात ढकलायचं नाही, बादलीत-टबात बुडवायचं नाही. सावलीत ठेवायचं, पाठीवर ओलं फडकं टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, गर्दी हटवायची आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावायचा. डहाणूला समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे, जाळ्यात पाय कापले गेलेली कितीतरी कासवं तिथे जगली आहेत. तू लिहितेस, 'मला हे चुकीचं वाटत होतं, पण मी कोण बोलणार?'

हेच तर मी सांगतेय. तू तिथे कोणीच नव्हतीस. महिन्यातून दोनदा कॅमेरा घेऊन येणारी मुलगी. रोज दिसणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात. जाळी विणत बसलेला एखादा काका त्या पोरांवर तुझ्या बाजूने ओरडला असता. त्यांना कासवाचं काही वाटत नाही असं समजू नकोस. जाळ्यात कासव आलं तर हळद-कुंकू लावून सोडणारी माणसं आहेत ती. डिसेंबर २०१८पासून तर संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यांच्याशी ओळख कर. ती एका रविवारात होत नाही.

सफाईचं विचारलंस. त्या कामाचं मोल तुला मी सांगायला नको. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ला आपल्याच किनाऱ्यावर सुरुवात केली आणि आठवड्यामागून आठवडे याच किनाऱ्यावर येत राहिले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला, तरी शनिवार-रविवार हातमोजे घालून इथेच. मार्च २०१८ला ऑलिव्ह रिडलेची ऐंशीच्या आसपास पिल्लं याच वाळूतून पाण्यात गेली. इथे कासवं अंडी घालत हे लोक विसरून गेले होते. मरीन लाइफ ऑफ मुंबईची माणसं २०१७पासून लोकांना जुहू, हाजीअली, गिरगावचे खडक दाखवताहेत, प्रवाळं, समुद्रफुलं, ऑक्टोपस, सगळं मुंबईच्याच काळ्या पाण्याच्या काठाला. त्यांनी वेगळा समुद्र आणला नाही.

कुत्र्यांना खुशाल घाल, पण ठरवून दिलेल्या जागी, पाण्यापासून लांब. आणि गोड बिस्किटं नकोत. तू वाळूवर पुडा फोडलास की दहा कुत्री तिथे जमतात, आणि मग चिखल्यांच्या मागे धावतात. तो पक्षी प्रत्येक वेळी उडतो तेव्हा परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. कुरवांना गाठिया टाकणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायचं, टाकू नका म्हणून. वाईट दिसलं तरी चालेल.

तुला वाटेल, काकूला दुसरं काही माहीतच नाही म्हणून ती हे सांगते. आमच्या घरातही असंच म्हणतात. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा भाड्याचे पैसे घेऊन निम्मी मंडळी बोरिवली-मीरा रोडला मोठ्या जागेत गेली. मी त्याच पैशांत इथेच वन रूम किचन घेतलं, सामान बहिणीकडे टाकलं. मुलगा पुण्याला बोलावतो, म्हणतो, आई, टेकडी आहे, बाग आहे, मोर येतात. मोर बघून मी काय करू? तिथल्या मोराचं कालचं मला काही माहीत नाही. मैत्रिणी ताडोबाला गेल्या, मी गेले नाही. हट्टी म्हणतात, म्हणू देत. वाघ दिसला असता, मान्य आहे. पण त्या आठवड्यात मला इथे खडकाच्या खळग्यात माकुलाची अंडी सापडली, काळ्या द्राक्षांचा घड कपारीला टांगल्यागत, आणि दर ओहोटीला जाऊन ती कितपत फुगली ते मी बघत होते. ते सोडून मी जीपमध्ये बसायला हवं होतं का?

ह्यांना केरळ बघायचं होतं. बॅकवॉटरमध्ये होडीत राहायचं होतं. दर वर्षी म्हणायचे, दर वर्षी मी म्हणायची पुढच्या वर्षी, आत्ता कुरव आलेत, आत्ता उधाणाच्या ओहोट्या चांगल्या आहेत. ते गेले आणि केरळ राहिलं. याची बोच मला आहे आणि ती जाणार नाही. तुझ्यापासून मी ती लपवत नाही, कारण जागा धरण्याची किंमत असते आणि ती कधी कधी घरच्यांना भरावी लागते. पण शेवटच्या वर्षी त्यांना चालवत नव्हतं, तेव्हा संध्याकाळी मी वहीतलं वाचून दाखवायची आणि ते विचारायचे, आज तो एका पायाचा कुरव आला होता का? त्यांनी तो कधी बघितला नव्हता. त्यांना तो ओळखीचा होता. म्हणून मी अजूनही म्हणते, मी केलं ते बरोबर केलं.

दुसरी बोच तुझ्या उपयोगाची आहे. खडकांवर कालवं फोडायला एक म्हातारी कोळीण बसायची. प्रत्येक शंखाला, प्रत्येक शेवाळाला, पाण्याच्या प्रत्येक रंगाला तिच्याकडे नाव होतं. मी ऐकायची, मान डोलवायची, आणि वाटायचं ही काय, रोजच असते. ती गेली तेव्हा माझ्या वहीत त्यातली थोडीशीच नावं होती. तुझ्या तुकड्यावर आजही कोणीतरी बसलेली असेल. तिच्याकडून तिसऱ्या विकत घे, शेजारी बस, विचार आणि त्याच दिवशी लिही.

लेन्सचं उत्तर राहिलं. घेऊ नकोस. दुर्बीण घे, साधी, आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. तीही माझी वापर सहा महिने, मग ठरव. भरतपूरचे पैसे भरले नसशील तर भरू नकोस. भरले असतील तर जाऊन ये, पण परत आल्यावर 'तिकडे कसं भारी होतं' हे मला ऐकवू नकोस. आईला मी समजावते. करिअरचं काय हा प्रश्न त्यांनी विचारला पाहिजे, पण सकाळच्या दोन तासांनी कोणाचं करिअर बुडत नाही.

येत्या पौर्णिमेनंतर द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. पाणी उतरत असताना पोचायचं, म्हणून सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी ये. जुन्या चपला घाल, मागे पट्टा असलेल्या, खडक निसरडे आहेत. वही आण, पेन्सिल आण, पेनाची शाई ओल्या हाताने फिसकटते. कॅमेरा घरी ठेव. आणि तो तुझा काळू कुत्रा मागे मागे येईल, त्याला वॉचमनकडे सोडून ये.

तुझी,
काकू