फाटकाबाहेर थांबलेली माणसं

प्रश्न : ताई, माझा मुलगा सोळा वर्षांपासून इंग्लंडात आहे. सून तिकडचीच, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची. नातू बारा वर्षांचा. गेल्या सप्टेंबरपासून तो क्वेकरांच्याच एका निवासी शाळेत आहे. क्वेकर घरांना ही शाळा आपली वाटावी म्हणून काय करता येईल, ते सुचवायचं काम शाळेनं सुनेवर सोपवलंय. ती म्हणते, शाळा आमची, पण आता बहुतेक मुलं दुसऱ्या घरांतली. आमचीच माणसं पाहुण्यासारखी येतात, चहा घेतात आणि जातात. परवा फोनवर मला विचारते, "आई, तुमच्याकडं लेकरं होस्टेलात ठेवतात तेव्हा घरचे काय करतात?" मी सातवी शिकलेली, मला काही सांगता आलं नाही. तुम्ही अर्धं आयुष्य वसतिगृहात काढलंत, म्हणून विचारते. मनातलं आणखी एक : तिथं म्हणे आरती नाही, भजन नाही, नुसतं गप्प बसतात. लेकराला यातून काय मिळतं?
— एक आजी, उदगीर

उत्तर : आजी, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात सलत असेल तर बाकीचं काही कानात शिरणार नाही.

१९८६ च्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे होशंगाबादजवळच्या रसुलियाला गेलो होतो. तिथं क्वेकरांचं जुनं केंद्र. न नांगरता शेती करतात असं ऐकून यांना ते बघायचं होतं. रविवारी सकाळी एका खोलीत दहा-बारा माणसं गोल करून बसली, आम्हीही बसलो. मूर्ती नाही, पोथी नाही, पुढं उभा राहणारा पाद्रीही नाही. आधी मला घरची राहिलेली कामंच आठवत होती. मग बाहेरच्या मोटेचा कुईकुई आवाज ऐकू यायला लागला, मग शेजारच्या बाईचा श्वास. बऱ्याच वेळानं एक म्हातारे उठले, आजारी शेजाऱ्याबद्दल हिंदीत दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. त्यावर कुणी काही बोललं नाही. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, झाली सभा.

पंढरपुरात विठ्ठलासमोर पोचल्यावर एक क्षण तोंडातून शब्द फुटत नाही ना? ही माणसं तो क्षण तासभर धरून बसतात. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, म्हणून आतून आलं तर कुणीही उठून बोलावं, अशी त्यांची श्रद्धा. तुमचा बारा वर्षांचा नातूही उठू शकतो, आणि मोठी माणसं त्याचं ऐकून घेतात. हे लेकराला मिळतं. सेवाग्रामात गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्सही क्वेकरच होत्या. निश्चिंत राहा.

आता सुनेचं काम. या शाळा निघाल्या कशा, ते आधी बघू. क्वेकरांना एके काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती, कारण तिथं राजमान्य चर्चची बांधिलकी मानावी लागे. समाज लहान, विखुरलेला. म्हणून १७७९ साली डॉक्टर जॉन फॉदरगिल यांच्या पुढाकारानं यॉर्कशायरमधल्या अ‍ॅकवर्थला निवासी शाळा सुरू झाली, तीही बेताच्या परिस्थितीतल्या क्वेकर घरांसाठी. मुलगे आणि मुली दोन्ही. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : दरवर्षी देशभरातून क्वेकर मंडळी त्या शाळेत जमत, वर्ग बघत, मुलांना प्रश्न विचारत. शाळा कशी चालली आहे हे पाहणं ते आपलं काम समजत. आपल्याकडं निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून, म्हणून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला होते. अशा शाळा लोकांनी आपल्या गरजेतून उभ्या केल्या, म्हणून त्या त्यांच्या होत्या. आज क्वेकरांची मुलं कुठल्याही शाळेत जाऊ शकतात. ती जुनी गरज उरली नाही, त्यामुळं आपलेपणाचा धागा नव्यानं वळावा लागणार.

तो कसा वळतो, हे मी औसा तालुक्यात मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं अधीक्षिका असताना शिकले, आणि माझ्या चुकीतून शिकले. पालकांनी रविवारी यायचं, फाटकाशी भेटायचं, असा आमचा नियम. एकदा एका ऊसतोड मजुराची मुलगी माझ्यासमोर येऊन रडली. तिचा बाप कारखान्यावरून एका दिवसाची सुट्टी काढून आला होता. फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वार बुधवार, म्हणून शिपायानं आत सोडलं नाही. तो लिंबाखाली दोन तास बसला आणि धपाटे फाटकाच्या गजाला बांधून निघून गेला. गाठ इतकी घट्ट होती की मला ती सोडवता येईना. शेवटी मुलीनं दातांनी सोडवली.

त्याच वर्षी येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायची आमची अमावास्या, परीक्षेच्या आठवड्यात आली. मी मुलींना घरी सोडलं नाही. तेव्हा एक आई म्हणाली, "बाई, मग आम्हीच येतो की." आणि आले! मातीच्या केळीत आंबिल, भज्जी, खिचडा, बाजरीचे उंडे. फाटक उघडं ठेवलं. त्यांनी पंगत मांडली आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते त्या मुलींना आधी वाढलं. जेवणं झाल्यावर एका बापानं न सांगता गळक्या पत्र्यांवर चढून बघितलं. पुढच्या आठवड्यात तो डांबर घेऊन आला. त्यानंतर पालक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "बोअरला पाणी हाय का?" लेकीची चौकशी त्यानंतर.

सुनेला हे सांगा. घरच्या माणसांना शाळेत हात लावायला काही द्या. पत्रकं आणि चहा बाजूला ठेवा. बागेतली सफरचंदं उतरवायची असतील तर बोलवा, स्वयंपाकघरात पाव भाजायला बोलवा. शाळेतल्या शांतसभेत दर आठवड्याला आसपासच्या क्वेकर मंडळींपैकी दोघं-तिघं मुलांच्या रांगेतच बसू देत, वेगळ्या खुर्च्यांवर नकोत. त्या घरांकडं सांगण्यासारखंही खूप असणार. पहिल्या महायुद्धात कित्येक क्वेकरांनी बंदूक नाकारली, काहींनी आघाडीवर रुग्णवाहिका चालवल्या. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या सेवासंस्थांना मिळालं. कुणाच्या तरी आजोबांची पत्रं अजून पेटीत असतील. ती मुलांपुढं वाचायला त्याच घरातलं माणूस बोलवा.

दुसरं, आधी विचारा. क्वेकर मतदान करत नाहीत. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल काय ते एकजण तिथंच लिहितो, वाचून दाखवतो, आणि सगळ्यांना पटलं तरच तो ठराव. एवढी सुंदर रीत ज्यांच्या घरात आहे, त्यांना शाळेनं सगळं ठरवून मग कळवलं तर ती पाहुणीच होणार.

फीचा विषय सुनेनं एकेका घराशी खाजगीत बोलावा, आणि त्या घराच्या ओळखीच्या माणसानं बोलावा. अशा शाळांची फी मोठी असते. सवलती असतात, पण त्या मागताना मान खाली जाते. परवडत नाही म्हणून लांब राहिलेलं घर ते कारण स्वतःहून कधीच सांगणार नाही.

हे करताना बाकीची मुलं कडेला पडू देऊ नका. आमच्या येळवशीच्या पंगतीत जात-गाव बघून पान मांडलं असतं, तर मी फाटक पुन्हा लावून घेतलं असतं.

आणि आजी, तुम्ही सातवी शिकलेल्या आहात म्हणून मागं राहू नका. नातवाला मराठीत पोस्टकार्डाएवढं पत्र लिहा, मोठ्या अक्षरात. येळवशीला शेतात काय काय मांडलं, पांडवांची कोप कशी केली, आंबिल कुणी घुसळलं, ते लिहा. सुनेला फोनवर विचारा, शांतसभेत घरच्या माणसांना बसायला जागा कुठं आहे? ती काय म्हणाली ते मला कळवा. मी वाट बघते.