अँपला सब आउट नाही, मग पॉवर्ड सबवूफर कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा समजला: दोन स्पीकरचा स्टिरिओ अँप आहे, त्याला सब आउट (सबवूफरसाठीचा वेगळा सॉकेट) नाही. नव्या पॉवर्ड सबच्या (खालचा बेस वाजवणाऱ्या सबवूफरच्या) पाठीवर आरसीए सॉकेट (गोल पिनच्या ऑडिओ केबलचे) आहेत आणि स्पीकर वायर लावायचे टर्मिनलही. दोन्हींपैकी काय वापरायचं, स्पीकरच्याच टर्मिनलवरून सबला वायर नेली तर अँप जळेल का, आणि पुढे दुसरा सब घेतला तर तो कुठे लावायचा?

अँप जळणार नाही. पॉवर्ड सबच्या पोटात त्याचा स्वतःचा अँप असतो. त्याला तुमच्या अँपकडून ताकद नको असते, नुसता सिग्नल हवा असतो. स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा, तर सबच्या हाय लेव्हल इनपुटचा, म्हणजे त्याच्या स्पीकर वायरच्या टर्मिनलचा, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे तो जोडल्याचा अँपवर जवळजवळ काहीच भार पडत नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत मी सरळ स्पीकर वायरच वापरेन. अँपच्या डाव्या टर्मिनलमध्ये स्पीकरची वायर आहे तिथेच सबची डावी वायर घाला, उजवीकडेही तेच. प्लसला प्लस, मायनसला मायनस. पॉवर जाणार नसल्यामुळे वायर जाड नसली तरी चालते. अँप आणि सब दोन्ही भिंतीवरच्या स्विचला बंद करूनच हे करा. एका टर्मिनलमध्ये दोन वायरी कोंबताना तांब्याची एखादी बारीक तार बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते. अँप जळतो तो अशा शॉर्टने, सबमुळे नाही. वायरीची टोकं घट्ट पिळून घ्या, किंवा स्पीकरच्या वायरीला अँपच्या टोकाला बनाना प्लग (टर्मिनलमध्ये सरळ खुपसायची पिन) लावून टाका.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. काही अँपचे, विशेषतः बऱ्याच छोट्या क्लास डी अँपचे, आउटपुट ब्रिज्ड असतात. त्यांचं मायनस टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. बऱ्याच सबमध्ये डावं-उजवं मायनस आतून एकत्र जोडलेलं असतं. हे दोन एकमेकांना लावलेत की अँपचे दोन चॅनेल शॉर्ट झाले. अँपच्या मॅन्युअलमध्ये ‘ब्रिज्ड’ किंवा ‘बीटीएल’ असं काही दिसलं तर सबच्या कंपनीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अँपच्या मागे ‘प्री आउट’ (व्हॉल्यूम नॉबनंतरचा कमी व्होल्टेजचा सिग्नल देणारा सॉकेट) असेल तर काम आणखी सोपं: तिथून दोन आरसीए केबल सबच्या लाइन इनला, म्हणजे आरसीए सॉकेटला. पण ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ला (रेकॉर्डिंगसाठीच्या सॉकेटला) लावू नका. तो सिग्नल व्हॉल्यूम नॉबच्या आधीच बाहेर पडतो, त्यामुळे गाणं हळू केलं तरी सब आपला दणदणतच राहतो. आणि स्पीकर टर्मिनलवरची वायर कापून तिला आरसीए पिन लावायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, लाइन इनपुट त्या व्होल्टेजसाठी नसतो.

आता नॉब. या जोडणीत तुमचे स्पीकर पूर्ण रेंज वाजवत राहतात, सब फक्त खालचा भाग भरून काढतो. म्हणून सबचा क्रॉसओव्हर (सबने किती हर्ट्झपर्यंत वाजवायचं ते ठरवणारा नॉब) स्पीकर जिथे दमतात तिथे ठेवायचा. स्पीकर ५५ हर्ट्झपर्यंत जात असतील तर ५०-६० पासून सुरुवात करा. (८० हर्ट्झचा आकडा सगळीकडे वाचाल. तो एव्ही रिसीव्हरसाठी (होम थिएटरच्या अँपसाठी) ठीक आहे. तिथे फिल्टर रिसीव्हर लावतो आणि सबचा नॉब पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर (सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवायचा असतो.) गेन (सबच्या आवाजाचा नॉब) शून्यापासून हळूहळू वाढवा. सब वाजतोय हे वेगळं जाणवायला लागलं की थोडा मागे घ्या. फेजचा (सबची लहर सरळ की उलटी, ते ठरवणारा) स्विच ० की १८०, यावर डोकं खपवू नका: सलग बेस असलेलं गाणं लावून नेहमीच्या जागेवर बसा, दुसऱ्या कोणाला स्विच फिरवायला सांगा, ज्या बाजूला बेस भरदार वाटेल ती बरोबर.

जोडल्यावर घूं असा आवाज आला तर अँप आणि सब एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. केबल टीव्हीची वायर सिस्टिमला लागलेली असेल तर ती काढून बघा, बरेचदा चोर तिथेच सापडतो. आरसीएने जोडलं असेल आणि तरीही घूं गेलं नाही, तर केबलच्या मधे बसणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. प्लगची अर्थ पिन काढून हा घूं आवाज घालवणारे लोक आहेत, पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

दुसरा सब त्याच टर्मिनलवरून तसाच समांतर लावता येतो, प्री आउट असेल तर वाय केबलने (एका सॉकेटचे दोन करणाऱ्या केबलने). सिग्नल अर्धा होईल ही भीती अनेकांना वाटते, पण दोन्ही इनपुट समांतर असल्याने दोघांना तेच व्होल्टेज मिळतं. एक सब डावा, एक उजवा अशी वाटणी करायची गरज नाही. ८० हर्ट्झची लहर ४ मीटरहून लांब असते, एवढ्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला धड कळत नाही. दुसऱ्या सबचा खरा फायदा खोलीला होतो: एका खुर्चीवर बेस घुमतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब, हा फरक कमी होतो. त्यासाठी दोघांना शेजारी न ठेवता समोरासमोरच्या भिंतींशी ठेवून बघा. दोन्ही मिळून बेस ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो, तेव्हा दोघांचाही गेन पुन्हा खाली आणून नव्याने लावा.